न लावलेली मेंदी

"मेंदी लावून किती दिस झालं हो बाई? बाकीची उतरली, पन रेघा अजून रंगल्यात की!"

मे २०१८. कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या एका बोळातलं बांगड्यांचं दुकान, पुतणीच्या लग्नाचा चुडा, बाहेर रणरणतं ऊन. आम्ही घरातल्या सात बायका ओळीनं बसलो होतो आणि माझा नंबर पाचवा होता. कासारणीनं माझा हात ओढून घेतला, "सैल सोडा" म्हणत बोटांची पेरं चाचपली, अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि हिरव्या काचेची पहिली बांगडी अशी काही सरकवली की मला कळलंही नाही. दुसरी, तिसरी. मध्येच थांबून तिनं हात उताणा केला आणि हे विचारलं. मी पाहिलं. तळहाताच्या तिन्ही मोठ्या रेघा चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी दिसत होत्या. जणू कुणी बारीक काडीनं गिरवून ठेवल्या होत्या. मेंदी मी दोन वर्षांत लावलेली नव्हती.

"झाले की आठ-दहा दिवस," मी म्हणाले.

इतकं साधं, बिनकामाचं खोटं मी का बोलले हे मला नीट सांगता येत नाही. लाज नव्हती, भीतीही नव्हती. "नाही हो, मेंदी नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग त्याचं उत्तर, मग बाजूच्या जाऊबाईंचा प्रश्न. एवढं बोलण्याचीही ताकद अंगात नव्हती. ज्याला हा थकवा माहीत नाही त्याला तो सांगणं अवघड आहे. झोप झाली की जातो तो हा थकवा नव्हे. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा तो रात्री परत आडवं पडण्याचा. शाळेचे दोन जिने चढताना मधल्या कठड्याशी मी फोन बघायचं नाटक करत उभी राहायची. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात उचलायचा म्हणजे पाण्याची भरलेली कळशी उचलल्यासारखं वाटायचं, म्हणून मी तारीख फळ्याच्या मधोमध लिहायला लागले होते. मुलांना वाटायचं बाईंची काहीतरी नवीन पद्धत आहे.

थायरॉइडचं २०१६ मध्येच निघालं होतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात चढणारा आकडा, चौदा. सगळीकडे निघतं तसंच निघालं. केस गळतात, वजन वाढतं, पाय सुजतात, "एकदा थायरॉइड बघून घ्या." आमच्या स्टाफरूममध्ये अकरापैकी चौघींच्या पर्समध्ये गोळ्यांची तीच बाटली असते, त्यामुळे कुणी घाबरलंही नाही. "मला थायरॉइड आहे" असं आपण चष्मा आहे म्हणावं तसं म्हणतो. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे मनात प्रत्येक वेळी दुरुस्ती होतेच की बाई, थायरॉइड सगळ्यांनाच आहे, तुमचा काम करत नाही इतकंच. पण ही दुरुस्ती मी तोंडानं करत नाही. त्यानं स्टाफरूममध्ये माणसं कमी होतात. मला खरा त्रास होता तो चहाचा. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही नाही. आमचे हे रोज पहाटे गंगावेशीत जातात. दुधाच्या कट्ट्यावर उभं राहून समोर धार काढून घेतलेलं म्हशीचं दूध, वर फेस तसाच. पिशवीतल्या दुधाला ते दूध मानत नाहीत. ते दूध आलं की चहा उकळायला लागतो, आल्याचा वास माजघरापर्यंत येतो आणि मी घड्याळाकडे बघत खाटेवर बसून. नाशिकची मुलगी कोल्हापुरात नांदायला आली, "मी येतो, मी जातो" म्हणायला शिकली, तांबड्या रश्शाला सरावली; पण ही पाऊण तासाची परीक्षा मला अजून जड जाते.

वर्षभर बरं गेलं. मग २०१७ च्या दिवाळीनंतर पुन्हा सगळं ढासळायला लागलं, पण उलट्या बाजूनं. वजन वाढण्याऐवजी उतरू लागलं. थायरॉइड कमी पडतो तेव्हा असं सहसा होत नाही हे मला माहीत होतं, आणि तरीही मी ते बाजूला सारलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा लोक मला "बारीक झालीस गं, काय करतेस?" असं विचारत होते. मी ब्लाउज आत घेऊन घेतले. एकदा तर एकीला "रात्री पोळी बंद केलीय" असंही सांगून टाकलं. पोळी मी बंद केली नव्हती, पोळीच मला जात नव्हती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुन्हा टीएसएच केला, तो सात आला. त्यांनी गोळी पन्नासची पंचाहत्तर केली. दोन महिन्यांनी तो फारसा हलला नव्हता म्हणून शंभर केली. कागदावर बघितलं तर यात काही चूक नव्हती. पण दर वेळी डोस वाढला की मी आणखी खाली जायची, आणि आम्हा दोघांनाही वाटायचं की अजून पुरेसा वाढलेला नाही.

आणि मीठ.

मिठाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. टेबलाच्या खणात, खडूच्या डब्यामागे मी एका छोट्या डबीत खडेमीठ ठेवलं होतं. तास संपला की दोन खडे जिभेवर. घरी मिठातल्या कैऱ्यांची बरणी होती. कैऱ्या तशाच राहायच्या आणि खारं पाणी मात्र खाली जायचं. रात्री सगळे झोपल्यावर बरणी तोंडाला लावून मी ते पाणी प्यायलेलं आहे. घशातून खाली उतरताना जे समाधान वाटायचं, ते कुठल्याच गोडानं मला कधी दिलेलं नाही. पांढऱ्या रश्शात मी वरून मीठ घातलं की सासूबाई दुखावायच्या. "मी मीठ बरोबर घातलोय, तुज्याच तोंडाला चव न्हाई." दुसऱ्या एखाद्या गावात हे कुणाच्या तरी नजरेत आलं असतं. कोल्हापुरात, जिथं ठेच्यावर चटणी आणि चटणीवर तेल घेतात, तिथं एका बाईनं जरा जास्त मीठ खाल्लं तर कोण मोजतंय? काळवंडण्याचंही तसंच. कोपरं, बोटांची पेरं, पोटावरचा ऑपरेशनचा जुना वण, सगळं गडद होत होतं. शाळेच्या पटांगणात उभं राहून होतंय असं घरात ठरलं आणि मला एक छत्री आणून देण्यात आली.

लग्न पार पडलं. ऑगस्टमध्ये, चार दिवस पाऊस कोसळत असताना, घरात सगळ्यांचीच पोटं बिघडली. बाकीचे दोन दिवसांत उठून भाकरी खायला लागले. मी उठले नाही. तिसऱ्या रात्री न्हाणीघराच्या दारात पडले. मला रिक्षात घातल्याचं आठवत नाही. ओल्या ताडपत्रीचा वास तेवढा आठवतो, आणि यांचा हात माझ्या खांद्याखाली, जरा जास्तच घट्ट. दवाखान्यात रक्तदाब सत्तरच्या आसपास होता आणि शीर सापडत नव्हती. रात्रपाळीला एक मुलगी होती, डॉक्टरच, पण माझ्या विद्यार्थिनीसारखी दिसणारी. ती माझा हात उजेडात धरून पालथा-उताणा करत शीर शोधत होती. मध्येच थांबली.

"काकू, मेंदी काढली होती का?"

या वेळी मी "नाही" म्हणाले. ती काहीच बोलली नाही. तिनं दुसरा तळहात बघितला, माझी पेरं बघितली, मग टॉर्च घेऊन "आ करा" म्हणाली आणि ओठ बाजूला करून हिरड्या बघितल्या. मागे वळून सिस्टरना म्हणाली, सलाइन लावा, पण आधी एक जादा रक्त काढून ठेवा. मग वरिष्ठांना फोन. सोडियम एकशेसोळा, म्हणजे फारच कमी, पोटॅशियम वाढलेलं. शंभर मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड शिरेतून गेलं, सोबत सलाइन. पहाटे मला भूक लागली. हे वाक्य किती मोठं आहे ते लिहिताना समजतंय. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. मी यांना म्हणाले, चहा आणा. गोळी, पाऊण तास, काही आठवलं नाही.

जादा काढलेल्या त्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी बनवतात ते संप्रेरक, जवळजवळ नव्हतंच. इतक्या आजारात ते धो-धो वाढलेलं असायला हवं होतं. आणि एसीटीएच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अधिवृक्काला "काम कर" म्हणून जो निरोप पाठवते तो, कित्येक पट. नाव कळलं: अ‍ॅडिसनचा आजार. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अकरा रुग्णांची हकिकत लिहिली होती. अशक्तपणा, मळमळ, नाडी बारीक आणि कातडीचा बदलत गेलेला रंग. पीयूषिका तो निरोप ज्या मोठ्या प्रथिनातून कापून काढते, त्याच प्रथिनातून कातडीला रंग चढवणारं द्रव्यही निघतं. अधिवृक्क ऐकत नाही म्हणून पीयूषिका ओरडत सुटते आणि त्या ओरडण्यानं माणूस काळवंडतो. रेघांत, पेरांत, जिथं घर्षण होतं तिथं अधिक. माझी मेंदी ती होती. अ‍ॅडिसनच्या काळात बहुतेकांच्या अधिवृक्कांत क्षय असायचा, आणि आपल्याकडे अजूनही ती शंका आधी फेडावी लागते, म्हणून माझं पोटाचं सीटी स्कॅन झालं. क्षय नव्हता. शरीरानंच आपल्या ग्रंथी परक्या समजून खाल्ल्या होत्या, आधी गळ्यातली, मग मूत्रपिंडावरच्या दोन्ही. हे दोन आजार एका घरात नांदतात हे श्मिट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९२६ मध्येच दाखवून दिलेलं होतं.

मग थायरॉइडच्या डोसाचं कोडं सुटलं. थायरॉक्सिन, म्हणजे त्या गोळीतलं औषध, अंगातलं कॉर्टिसोलही भराभर संपवतं. ज्याच्याकडे ते आधीच चिमूटभर आहे त्याला थायरॉक्सिन वाढवून देणं म्हणजे गुऱ्हाळाच्या वाटेवर गुडघे टेकलेल्या बैलाला पुढून ओढण्यासारखं. शिवाय कॉर्टिसोल कमी पडलं तर टीएसएच आपोआप थोडा चढतो, म्हणजे जो आकडा बघून आम्ही गोळी वाढवत होतो तो आकडाही पूर्णपणे थायरॉइडचा नव्हता. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर तो उतरला आणि थायरॉइडची गोळी शंभरवरून पंचाहत्तरवर आली. क्रम महत्त्वाचा, असं ग्रंथींच्या डॉक्टरांनी मला कागदावर बाण काढून समजावलं: आधी अधिवृक्क, मग थायरॉइड. ते बाण काढत होते आणि मी मान हलवत होते, आणि मला शरमल्यासारखं होत होतं. कारण ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. अवटू ग्रंथी गळ्याशी, फुलपाखरासारखी. अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडावर, टोपीसारखी. "आणीबाणीच्या प्रसंगी शरीराला सज्ज करते," हे मी सावकाश, स्वल्पविरामासकट सांगते आणि मुलं लिहून घेतात. एका मुलानं एकदा विचारलं होतं, बाई, ती टोपीच नसली तर? मी म्हणाले होते, परीक्षेला नाही ते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांवर मला राग यायला हवा होता का? आला, थोडे दिवस. मग आठवलं की माझ्या मुलाचा न्यूमोनिया त्यांनी रात्री घरी येऊन ओळखला होता. आणि त्यांना मी मिठाचं कधी सांगितलंच नव्हतं, वजनाचं सांगितलं ते खुशीनं. सांगितलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं का, या प्रश्नाशी मी अजून अधूनमधून खेळते. त्यांच्या टेबलावर दोघांच्या मध्ये नेहमी रिपोर्टची फाइल असायची, हे मात्र खरं. हात त्यांनी कधी बघितला नाही आणि मीही कधी पुढे केला नाही.

घरी आल्यावर खरी गंमत झाली ती "स्टिरॉइड" या शब्दानं. आमच्या पेठेत हा शब्द तालमीतून येतो. यांचा धाकटा पुतण्या आखाड्यात घुमतो, जोर-बैठका, थंडाई, सगळं शिस्तीत, आणि जिममध्ये इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचा त्याला मनस्वी तिटकारा. त्यानं माझी फाइल वाचली आणि कानाशी येऊन म्हणाला, "काकी, तू बी घेतीस व्हय? कुणाला सांगत न्हाई." आठवडाभर तो माझ्या दंडाकडे बघत होता. सासूबाईंची धास्ती मात्र खरी होती. त्यांच्या माहेरच्या एकांनी गुडघेदुखीवर वर्षानुवर्षं कुठूनशा पुड्या घेतल्या. पुड्यांनी ते धावायला लागले, गाल टोपलीसारखे फुगले, आणि एक दिवस पुड्या संपल्या तशी माझ्यासारखीच उलट्या होऊन गत झाली. पुड्यांत स्टिरॉइड होतं. बाहेरून फुकट मिळतंय म्हटल्यावर ग्रंथी काम करायचं विसरतात, एकदम बंद केलं की माणूस कोसळतो. त्यांना मी समजावलं की ते जास्तीचं होतं, हे नसलेल्याच्या जागी आहे. विहीर आटली म्हणून रोज घागरीनं पाणी भरायचं, तेही मोजून. सकाळी दहा मिलिग्रॅम, दुपारी पाच मिलिग्रॅम, चार वाजता पाच मिलिग्रॅम, आणि मीठ धरून ठेवायची एक इवली गोळी वेगळी. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "मग त्या मिठाचं खरं हुतं म्हन की," एवढंच म्हणाल्या. माफी होती ती, असं मी धरलं.

मोबाइलवरही सल्ले येतात. "अ‍ॅड्रिनल फटीग"वर अमुक चूर्ण, तमुक थेंब, ताणामुळे तुमच्या ग्रंथी दमल्यात म्हणे. असा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. पण तो मेसेज पाठवणारी माझी मैत्रीण खरंच दमलेली आहे, दोन नोकऱ्या आणि एक सासरा सांभाळते, आणि तिला कुणीतरी तिच्या दमण्याचं नाव सांगितलं याचा तिला आधार वाटला. मी तिला एवढंच लिहिलं की चूर्ण घेऊ नकोस, सकाळी आठचं कॉर्टिसोल एकदा तपासून घे. तपासलं, उत्तम निघालं. ती जरा हिरमुसलीच. मला ते कळलं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हेच दोन्ही होतं, असं मी वाचलं तेव्हा मला का कुणास ठाऊक बरं वाटलं. त्यांचं निदान १९४७ मध्ये लंडनला झालं होतं. त्यांच्या सदा उन्हात तापल्यासारख्या दिसणाऱ्या रंगाचं लोकांना कौतुक होतं. त्यांनीही आजार शेवटपर्यंत जगापासून लपवलाच. मला छत्री मिळाली, हा फरक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी चढलं. आमच्या पेठेत नव्हतं, पण शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि गाव तुटलं. दूध नाही, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. सगळे बादल्या मोजत होते, मी गोळ्या. हायड्रोकॉर्टिसोन प्रत्येक दुकानात नसतं, आमचं पुण्याहून यायचं. अकरा दिवसांच्या होत्या. त्यात मला ताप आला असता तर डोस दुप्पट, म्हणजे साडेपाच दिवस. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, रात्री मेणबत्तीत पत्रे पालथे करून भागाकार करत होते. एका डब्यात इंजेक्शनची शंभर मिलिग्रॅमची कुपी असते, उलट्या सुरू झाल्या तर गोळी थांबत नाही म्हणून; ते मांडीत कसं द्यायचं हे यांनी संत्र्यावर शिकून घेतलं होतं. त्या रात्री यांनी डबा काढला, बघितला, परत ठेवला. दोघंही काही बोललो नाही. सातव्या दिवशी राजारामपुरीतल्या एका औषधवाल्यानं कपाटाच्या मागून दोन पत्रे काढून दिले. "तुमच्यासाठीच उरल्यात बगा," म्हणाला. मी दुकानातच रडले आणि त्यानं भिऊन पैसे परत मोजले.

आता पाकिटात एक कार्ड असतं, माझं नाव, आजार, कोसळले तर काय टोचायचं. नवरात्रातला उपास सुटला. सुरुवातीला हळहळ वाटली, आता सुटल्याचं बरंही वाटतं, आणि बरं वाटतं याचं पुन्हा वाईट वाटतं. बाकी बरी आहे. जिने चढते. तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते.

गेल्या महिन्यात त्याच पुतणीचं डोहाळजेवण होतं, दुसऱ्या खेपेचं. पुन्हा हिरव्या बांगड्या. मी मुद्दाम त्याच बोळात गेले, या वेळी एकटी. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. सांगायचं की बाई, ती मेंदी नव्हती. तुम्ही सगळ्यांत आधी बघितलं होतं. मीच तुम्हाला फसवलं.

दुकान तेच, ती जरा वाकलेली, चष्मा नवा. मला तिनं ओळखलं नाही, का ओळखावं? हात घेतला, चाचपला. "दोन-सहा लागतील," म्हणाली. तेव्हा दोन-चारच्या सैल झाल्या होत्या. रेघा आता फिकट आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतील. तिनं हात उताणा केला, बघितलं, पुन्हा पालथा केला. मी तोंड उघडलं तेवढ्यात फोनमधला चारचा गजर वाजला. मी उरलेल्या हातानं पर्समधून पत्रा काढला. तिनं न सांगता शेजारचा तांब्या पुढे केला.

"कशाची वो गोळी?"

"बी.पी.ची," मी म्हणाले.

"मी बी घेतो की," ती म्हणाली, आणि गल्ल्याच्या खालचा आपला पत्रा काढून मला दाखवला. मग चष्मा वर सरकवून तिनं माझा दुसरा हात ओढून घेतला.

"सैल सोडा."